पाण्यासकट उचललेला टँक

"मॅडम, टँक से पानी जा रहा है. नीचे के कोने से. धार लगी है."

परवेजचा फोन आला तेव्हा मी इंदूरबाहेर सिमरोलला होते. तिथल्या कॉलेज कॅम्पसमधल्या एका प्रोफेसरांच्या घरी, त्यांच्या टँकमध्ये कोपरापर्यंत हात घालून. हात तसाच ओला बाहेर काढला आणि फोन कानाला लावला.

"कधीपासून?"

"पंद्रह-बीस मिनट हुए होंगे. मैं तो अंदर था, गजभिये काका ने देखा."

"आधी भिंतीवरचं मेन बटन बंद कर. मग फिल्टरचा आणि लाइटचा प्लग काढ. धारेखाली काहीतरी स्वच्छ भांडं लाव, ते पाणी फेकू नका. आणि टँकमध्ये नळाचं पाणी कोणीही ओतायचं नाही. एक ग्लाससुद्धा नाही. सगळ्यांना सांग."

"बोल देता हूँ. पर मॅडम, चार पेशंट मशीन पे हैं, मैं ज्यादा देर बाहर नहीं रह सकता."

"मी निघाले."

प्रोफेसरांची माफी मागितली, बॅग उचलली, स्कूटी काढली. मे महिना होता. सिमरोलहून शहरात यायला मला पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. माझ्या टँकचा खालचा जोड असा बसल्या जागी सुटत नाही. तो कोणीतरी हलवलाय.

माझं काम अ‍ॅक्वेरियम मेंटेनन्सचं. मत्स्यशास्त्र शिकले, काही वर्षं एका मत्स्यबीज केंद्रावर नोकरी केली, आणि आता अकरा वर्षं झाली, इंदुरात लोकांच्या घरचे, ऑफिसचे, दवाखान्यांचे टँक सांभाळते. हा टँक एका खासगी हॉस्पिटलातला. डायलिसिस युनिटच्या बाहेर वेटिंग हॉल आहे, मधे काचेची भिंत. टँक त्या काचेला लागून ठेवलेला, म्हणजे बाहेर बसलेले नातेवाईकही बघतात आणि आत मशीनला जोडलेले पेशंटही. परवेज तिथला टेक्निशियन. रक्त शुद्ध करणारं मशीन लावणं, काढणं, त्याच्या पाण्यावर नजर ठेवणं हे त्याचं काम.

टँक तीन फुटी. त्यात मासे नव्हते, फक्त श्रिंप होत्या. कोळंबीच्याच कुळातल्या, पण बोटाच्या पेरापेक्षा लहान आणि मिरचीसारख्या लाल. पिल्लं तर जिऱ्याहून बारीक. दिवसभर त्या शेवाळावर बसून इवल्याशा पायांनी काहीतरी वेचत राहतात. दोन वर्षांपूर्वी मी तीस सोडल्या होत्या. आता दोनशेच्या वर झाल्या होत्या. हा आकडा माझा नाही, गजभिये काकांचा.

गजभिये काका महूचे. मिलिटरीच्या डेपोत आयुष्यभर स्टोअरकीपर होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार बसने इंदूरला येतात आणि चार तास दोन नंबरच्या खुर्चीवर हाताला सुया लावून पडून राहतात. ती खुर्ची काचेला लागून आहे. काका खिशातल्या वहीत श्रिंप मोजून लिहायचे. किती मोठ्या, किती पोटाखाली अंडी घेतलेल्या, किती पिल्लं. डायलिसिसच्या पेशंटला पाणी मोजून प्यावं लागतं, काकांना दिवसाला जेमतेम लिटरभर. एकदा मी विचारलं, "काका, इतका वेळ टँककडे बघून कंटाळा नाही येत?" तर म्हणाले, "ताई, पाणी प्यायची मनाई आहे. बघायची थोडीच आहे."

असा तो टँक होता.

मी हॉलमध्ये शिरले आणि दारातच थांबले.

टँक त्याच्या जागेवर नव्हता. काचेपासून आठ-दहा फूट लांब, समोरच्या कोपऱ्यात सरकला होता. खाली पाण्याचं तळं. टँकच्या फुटक्या कोपऱ्यात पोछ्याचं फडकं कोंबलेलं. आणि वरून, वॉशरूमच्या नळाला लावलेला हिरवा पाइप टँकमध्ये सोडलेला. पाणी धो धो पडत होतं. खालून जातंय तितकं वरून भरा, असा हिशेब. एक बाई फिनाइलच्या पाण्याने पोछा मारत होती, आणि त्या पोछ्याखाली मला लाल ठिपके दिसले.

"पाइप काढा! आधी तो पाइप काढा! अक्कल आहे का तुम्हाला? कोणी सांगितलं होतं पाणी भरायला?"

मी त्या बाईवर ओरडले. कमलाबाई नाव तिचं, दोन वर्षं मी तिला तिथे बघत होते. तिने जाऊन नळ बंद केला.

नळाच्या पाण्यात काय वाईट, असं कोणालाही वाटेल. आपण तेच पितो. पण त्यात जंतू मारायला क्लोरीन घातलेलं असतं. माणसाला ते चालतं. श्रिंपच्या कल्ल्यांना ते जाळतं. इंदूरच्या नळाला नर्मदेचं पाणी येतं, त्यात ते नेहमी थोडंफार असतंच, आणि त्या दिवशी तर पाइपजवळ नाक नेलं तरी वास येत होता. नंतर कळलं, तपासणीची टीम येणार म्हणून आदल्याच दिवशी गच्चीवरची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली होती.

टँकमध्ये श्रिंप वेड्यासारख्या पोहत होत्या. एरवी त्या चालतात. वर-खाली, काचेवर आपटत अशा पोहायला लागल्या की समजायचं, पाणी त्यांना टोचतंय. तळाला काही आडव्या पडलेल्या. माझ्या बॅगेत क्लोरीन मारायच्या औषधाची बाटली कायम असते. मी मोजलं-बिजलं नाही, अंदाजाने ओतली. काचेचं दार किलकिलं करून परवेजने हात बाहेर काढला. हातात कागदी पट्टी होती. डायलिसिसच्या पाण्यातही क्लोरीन चालत नाही, म्हणून तो रोज सकाळी या पट्ट्यांनी तपासतो. मी पट्टी टँकमध्ये बुडवली. रंग जेमतेम आला. म्हणजे औषधाने काम केलं होतं. पण अर्धा तास त्या आधीच तशा पाण्यात होत्या.

"मॅडम, मैंने बोला था नल का पानी मत डालो. सर को बोला था," परवेज म्हणाला. "और ये तीन कॅन मैंने भर लिए थे, पाइप लगने से पहले. पुराना पानी है."

भिंतीशी तीन पांढरे कॅन उभे होते, दहा-दहा लिटरचे. डायलिसिसच्या सोड्याचे रिकामे कॅन. त्याने ते आतल्या शुद्ध पाण्याने धुऊन धारेखाली लावले होते. तीस लिटर जुनं पाणी. मला त्या क्षणी त्याच्या पाया पडावंसं वाटलं. तो मात्र दार लावून आत गेला. आत मशीनचा अलार्म वाजत होता.

तेवढ्यात पुराणिक आले. हॉस्पिटलचे फॅसिलिटी मॅनेजर. म्हणजे इमारत, वीज, सफाई, फर्निचर सगळं त्यांच्या हाताखाली. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आयकार्ड, हातात वॉकीटॉकी.

"बरं झालं मॅडम, तुम्ही आलात. लवकर काहीतरी करा. बारा वाजता टीम येऊन राहिली आहे."

"टँक कोणी हलवला?"

"हलवला म्हणजे... थोडा साइडला घेतला. पण लीक तर आपोआप झाला."

"आपोआप? तो तिकडे होता, आता इकडे आहे. चालत आला का?"

"मॅडम, टोन बघा जरा."

"पाण्यासकट उचललात?"

उत्तराची गरजच नव्हती. फरशीवर स्टँडच्या पायांच्या काळ्या रेघा उमटल्या होत्या. काही अंतर उचलला आणि मग जड झाला म्हणून ओढला.

इथे जरा सांगायला हवं. टँकला खिळे नसतात, फ्रेम नसते. पाच काचा सिलिकॉनने चिकटवलेल्या असतात, बस. आतलं पाणी बाहेरच्या बाजूने ढकलत असतं आणि सिलिकॉन धरून ठेवतं. टँक सपाट जागी आहे तोवर ते वर्षानुवर्षं धरतं. पण तीन फुटी भरलेला टँक दीडशे किलोच्या वर जातो. तो चौघांनी उचलला की एक कोपरा वर होतो, एक खाली राहतो. काच पिळते. जोड उघडतो. कधी लगेच, कधी दोन तासांनी. म्हणून हलवायच्या आधी रिकामा करायचा. हे मी पुराणिकांना लिहून दिलं होतं. ठेवला त्या दिवशी ईमेल केला, नंतर पुन्हा केला, आणि आठच दिवसांपूर्वी त्यांनी "टँक शिफ्ट करायचा विचार आहे" म्हटल्यावर तिसऱ्यांदा केला. मला अर्धा दिवस आधी कळवा, मी येऊन रिकामा करते, असं त्यात स्पष्ट होतं.

"माझा ईमेल वाचला होता ना तुम्ही?"

"मॅडम, शंभर ईमेल येतात. त्या वॉलवर बोर्ड लावायचा होता, टीमच्या आधी. अर्जंट होतं."

मी बघितलं. टँकच्या जुन्या जागेच्या वर नवाकोरा चकचकीत बोर्ड लागला होता. पेशंटांचे हक्क. पहिला हक्क होता, सन्मानाने वागणूक मिळण्याचा.

"आणि नळाचा पाइप कोणी लावायला सांगितला? परवेजने सांगितलं होतं, भरू नका."

"टँक रिकामा कसा दिसेल? टीम काय म्हणेल? अहो, बारापर्यंत फुल दिसला पाहिजे, एवढंच. मग तुम्ही काय ते करा. झिंगेच तर आहेत, दुसरे आणू."

मी पुढे तोंड उघडलं असतं तर शिवीच बाहेर पडली असती. मी गुडघ्यांवर बसले आणि कामाला लागले. राग हातात उतरला की काम भराभर होतं, हा माझा अनुभव.

आधी मॉस काढलं. ते हिरवं शेवाळ. श्रिंप त्यात घुसून बसतात, म्हणून ते झटकायचं नाही, पिळायचं नाही, दोन्ही हातांच्या ओंजळीत अलगद उचलून जसंच्या तसं जुन्या पाण्यात ठेवायचं. एका कॅनचा वरचा भाग कापून मी त्याची बादली केली होती. सफाईच्या बादल्यांना हात लावायचाच नव्हता, सगळ्यांना फिनाइल लागलेलं. मग जाळीने मोठ्या श्रिंप. जाळी बारीक, हात हळू. अंडी घेतलेल्या माद्या आधी, कारण घाबरल्या की त्या अंडी टाकून देतात. बॅटरीवरचा छोटा एअर पंप कॅनमध्ये सोडला.

मग लक्षात आलं, फिल्टर नाहीये.

आमच्या श्रिंपच्या टँकमध्ये फिल्टर म्हणजे एक स्पंज असतो. हवेच्या जोरावर पाणी त्यातून जातं. तो दिसतो घाण, मातकट, बुळबुळीत. पण टँकमधलं पाणी पचवणारे चांगले जंतू त्यातच राहतात, आणि पिल्लं दिवसभर त्यालाच चिकटून खातात. निम्मी पिल्लं त्या स्पंजवर असतात म्हटलं तरी चालेल.

"स्पंज कुठे आहे?"

पुराणिक म्हणाले, "तो काळा झालेला? तो मी काढायला सांगितला. फार डर्टी दिसत होता."

"काढून कुठे टाकला?"

त्यांनी कमलाबाईकडे बघितलं. कमलाबाई कॉरिडॉरमध्ये गेली आणि कचऱ्याची काळी पिशवी घेऊन आली. नशीब, ती साध्या कचऱ्याची होती. मी ती हॉलच्या मधोमध उघडली. चहाचे कप, बिस्किटांची वेष्टनं, कुणाचा अर्धा समोसा, आणि तळाशी स्पंज. ओला होता अजून. मी तो जुन्या पाण्यात धरला आणि हळूच हलवला. पाण्यात जिऱ्याएवढी पिल्लं सुटली. एक, चार, मग मोजता येईनात. जिवंत होती. मला रडू आलं आणि त्याच वेळी पुराणिकांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दोन्ही केलं नाही.

"ताई! सोफ्याच्या खाली! डावीकडे!"

काचेच्या दारातून आवाज आला. गजभिये काका. एका हातात सुया, रक्ताच्या नळ्या मशीनला जोडलेल्या, दुसऱ्या हाताने ते काचेवर बोट दाखवत होते. परवेजने त्यांच्यासाठी दार थोडं उघडं ठेवलं होतं.

"पहिलं पाणी तिकडेच गेलं. मी बघितलं. पोछा तिथं पोचला नाही अजून!"

"काका, हाथ मत हिलाओ," आतून परवेज ओरडला.

"अरे, हा हात मोकळा आहे माझा! ताई, डावीकडे, खांबाच्या मागे पण!"

मी सोफ्याखाली टॉर्च मारला. उथळ पाण्यात पंधरा-वीस श्रिंप पडल्या होत्या, काही उड्या मारत होत्या. परवेजने बिनसुईच्या मोठ्या सिरिंज दिल्या. त्यांचं तोंड कात्रीने कापून रुंद केलं आणि मी पालथी पडून पाण्यासकट एकेक ओढायला लागले. हात पोचेना. एवढ्यात माझ्या शेजारी कोणीतरी आडवं झालं. कमलाबाई. हातात पँट्रीतली चहाची गाळणी.

"दीदी, तुम उधर से लो. मैं इधर से."

तिचा हात माझ्याहून बारीक. खांबामागच्या फटीतून तिने अकरा काढल्या. ज्यांच्या अंगाला फिनाइलचं पाणी लागलं असेल त्या मी वेगळ्या डब्यात ठेवल्या, म्हणजे बाकीच्यांना विष जायला नको. आतून काका सांगत होते, आम्ही सरकत होतो. असं वीसेक मिनिटं चाललं. चार खुर्च्यांवरचे चारही पेशंट मान वळवून बघत होते. एक म्हातारी आजी दर वेळी विचारायची, "मिली क्या? मिली?"

"मॅडम." पुराणिक माझ्या डोक्याशी उभे होते. "टीम लिफ्टमध्ये आहे. तुम्ही पाच मिनिटं हे सगळं घेऊन स्टोअरमध्ये जा ना. प्लीज."

"नाही."

"मॅडम, समजून घ्या. इम्प्रेशन खराब होतं."

"अजून आठ-दहा आहेत खाली. त्या काढल्याशिवाय मी उठणार नाही. तुमच्या बोर्डाखाली बसून काढते, हवं तर."

टीम आली. तीन डॉक्टर, हातात फाइली. मी फरशीवर पालथी, कमलाबाई पालथी, मधे कॅन, कचऱ्याची पिशवी उघडी. त्यातल्या सगळ्यात मोठ्या डॉक्टरांनी सगळीकडे नजर फिरवली आणि पुराणिकांना एकच प्रश्न विचारला, "फ्लोअर गीला है. वेट फ्लोअर का बोर्ड कहाँ है?"

पुराणिक पिवळा बोर्ड आणायला पळाले. टीमने पेशंटांच्या हक्कांच्या बोर्डाचा फोटो काढला आणि पुढे गेली. मला वाटलं होतं, कोणीतरी विचारेल, काय झालं इथे. कोणी विचारलं नाही.

साडेबाराला आम्ही शेवटची श्रिंप काढली. परवेजने आतल्या आरओचं शुद्ध पाणी लागेल तेवढं द्यायची तयारी दाखवली. मी फक्त थोडंसं घेतलं, एकेका कपाने, बऱ्याच वेळाच्या अंतराने. आरओच्या पाण्यात क्लोरीन नसतं हे खरं, पण काहीच नसतं. श्रिंपला कवच बनवायला पाण्यातले क्षार लागतात. एकदम कोऱ्या पाण्यात टाकलं तर त्या सूज येऊन मरतात. परवेजला हे लगेच कळलं. "हमारे पेशंट का भी यही है मॅडम," तो म्हणाला. "सब कुछ धीरे-धीरे."

मग पुराणिकांनी मला टेबलाशी बोलावलं. समोर इन्सिडेंट फॉर्म होता. त्यांनी भरलेला. कारण या रकान्यात इंग्रजीत लिहिलं होतं, टँक जुना असल्याने आणि मेंटेनन्समधल्या त्रुटीमुळे गळती.

"इथे साइन करा, व्हेंडरची लागते."

"खोटं आहे हे."

"मॅडम, फॉर्मॅलिटी आहे. फाइलमध्ये जाईल, कोणी वाचणार नाही."

"कोणी वाचणार नसेल तर खरं लिहा."

"तुम्हाला पुढे इथे काम करायचं आहे ना?"

हे वाक्य त्यांनी अगदी हळू, अगदी सभ्य आवाजात म्हटलं. ओरडणाऱ्या माणसाचा मला राग येतो आणि जातो. या आवाजाचा राग जात नाही. मी पेन टेबलावर ठेवलं आणि सही न करता उठले.

काकांचं डायलिसिस संपलं होतं. ते सुटल्यावर अर्धा तास नीट उभंही राहता येत नाही त्यांना. पण परवेजचा खांदा धरून ते बाहेर आले, दंडाला पट्टी बांधलेली, आणि बाकावर बसले.

"ताई, कागद द्या एक."

वहीतलं एक पान त्यांनी स्टोअरच्या रजिस्टरसारखं आखून घेतलं. वर तारीख, खाली वेळ. मग लिहिलं. साडेनऊ वाजता चार जणांनी पाण्याने भरलेला टँक उचलला. मी काचेवर ठोकून सांगितलं, पाणी काढा. पुराणिक यांनी मला सांगितलं, काका, तुम्ही आराम करा. साडेदहाला गळती सुरू. अकराला नळाचे पाणी सोडले. खाली सही, पूर्ण नाव, महू. ओळ एकही वाकडी नव्हती.

"हे लावा त्यांच्या फॉर्मला," ते मला म्हणाले. मग पुराणिकांकडे बघून, शांतपणे, "मी चाळीस वर्षं मालाची नोंद केली आहे साहेब. फुटलेल्या मालाची पण. कुणी फोडला तेही लिहावं लागतं."

पुराणिकांनी कागद घेतला. त्यांनी तो फॉर्मला लावला की नाही, मला माहीत नाही.

मी कॅन लिफ्टपर्यंत नेत होते. एक कॅन कमलाबाईने उचलला होता. लिफ्टची वाट बघताना मी म्हटलं, "कमलाबाई, तुमच्यामुळे बऱ्याच वाचल्या."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दीदी, तुम आते ही मेरे पे चिल्लाईं. पाइप मैंने लगाया, हाँ. पर बोला किसने था, ये नहीं पूछा."

"चुकलं माझं."

"और एक बात. टँक भरा हुआ नहीं उठाना, नल का पानी नहीं डालना, ये तुम दो साल में मेरे को कभी बोलीं? हर हफ्ते आती हो. मेरे बाजू से निकलती हो. उठाने वाले चारों भी नीचे ही बैठते हैं. उनको बोलीं?"

नव्हतं बोलले. मी पुराणिकांना ईमेल केला होता. इंग्रजीत. तीनदा. जो माणूस आयुष्यात कधी टँक उचलणार नव्हता आणि पोछा मारणार नव्हता, त्याला मी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. ज्यांच्या हातांना ते कळायला हवं होतं, त्यांना एक शब्दही नाही. लिफ्ट आली. मी कॅन आत ठेवला.

घरी येताना मी स्कूटी घेतली नाही, रिक्षा केली. बेचाळीस डिग्रीत कॅन पायाशी, त्यावर ओला टॉवेल. घरच्या रिकाम्या टँकमध्ये त्यांना सोडायला चार तास लावले, थेंब थेंब नवं पाणी देत. फिनाइलच्या डब्यातल्या सगळ्या संध्याकाळपर्यंत मेल्या. क्लोरीनने भाजलेल्या पुढचे आठ-दहा दिवस मरत राहिल्या, विशेषतः कवच बदलताना. जुनं कवच निघायचं आणि आतली श्रिंप नव्या कवचासकट तिथेच आडवी व्हायची. रोज सकाळी चिमट्याने काढायचे. रोज सकाळी पुराणिकांचा चेहरा डोळ्यापुढे यायचा. मग मृत्यू थांबले. एकशे अठरा उरल्या. काकांच्या वहीत शेवटचा आकडा दोनशे अकरा होता.

पिल्लं मात्र, कचऱ्याच्या पिशवीतली, बहुतेक सगळी जगली.

हॉस्पिटलचं पत्र आलं. इन्फेक्शन कंट्रोलच्या कारणास्तव वेटिंग एरियात अ‍ॅक्वेरियम ठेवता येणार नाही, सेवा समाप्त करत आहोत. त्या पत्रावर पुराणिकांचीच सही. दोन महिन्यांनी त्यांचाच फोन आला. डायरेक्टरांच्या केबिनमध्ये पाच फुटी टँक हवा होता.

"वेटिंग हॉलमध्ये इन्फेक्शन होतं आणि केबिनमध्ये नाही होत का?" मी विचारलं.

"मॅडम, जुन्या गोष्टी सोडा ना."

"टँक पेशंटांसमोर ठेवणार असाल तर येते. विटांचा चौथरा बांधून, कायमचा. केबिनसाठी दुसरं कोणी बघा."

त्यांनी दुसरं कोणी बघितलं. टँक केबिनमध्ये लागला आहे, असं परवेज सांगतो. डायलिसिसच्या काचेबाहेर आता तो बोर्ड आहे, आणि त्याखाली प्लास्टिकची झाडं.

श्रिंप मी एका रविवारी महूला गजभिये काकांच्या घरी नेल्या. दोन फुटी टँक, खिडकीपासून लांब, भक्कम टेबलावर. काका सोमवार-बुधवार-शुक्रवार वही घेऊन हॉस्पिटलात जातात आणि बाकीच्या तीन पेशंटांना आकडे वाचून दाखवतात. आजी अजून विचारते म्हणे, बढ़ीं क्या? यापेक्षा चांगलं काही करता आलं नाही मला. ते चार तास त्यांनी पाण्याकडे बघत काढायला हवे होते, आकडे ऐकत नव्हे. याचा राग मला अजून आहे आणि तो जावा असा माझा प्रयत्नही नाही.

कामात एक बदल केला. आता कुठेही नवा टँक लावला की पहिल्या दिवशी मी सफाईवाल्यांना, वॉर्डबॉयना, चौकीदाराला, सगळ्यांना टँकभोवती बोलावते. हिंदीत सांगते. भरलेला टँक हलवायचा नाही. नळाचं पाणी घालायचं नाही. स्पंज फेकायचा नाही. कोणी साहेब सांगेल तरी आधी मला फोन करायचा, नंबर काचेवर लिहिलाय. मग प्रत्येकाकडून ते उलट वदवून घेते. वीस मिनिटं जातात.

मॅनेजरला ईमेलही करते. तो मात्र सगळ्यात शेवटी, घरी जाऊन, सवडीने.